दुसऱ्याचा वेढा

काचेवर आधी फक्त बूट आले. रबरी तळव्याचे, चिखल वाळून पांढरे पडलेले. मी तेव्हा कपडे धुण्याच्या एका नव्या मशीनची माहितीपुस्तिका तपासत होते आणि ‘दार पूर्ण बंद झाल्याची खात्री करावी’ या वाक्यापाशी अडकले होते. खात्री कशी करायची ते वाक्य सांगत नव्हतं. बूट काचेला टेकले, सुटले, पुन्हा टेकले. मग गुडघे, बादली, कमरेचे पट्टे असं एकेक करत एक अख्खं माणूस वरून उतरून आमच्या मजल्यासमोर लोंबकळायला लागलं. काचा पुसायला अशी माणसं अधूनमधून येतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. शेजारच्या टेबलावर बसणारी, जिला आम्ही सगळे आत्याबाई म्हणतो कारण ऑफिसातल्या प्रत्येकाच्या लग्नाची काळजी तिला असते, ती एवढंच म्हणाली, “अगं बाई, मुलगी आहे की ही!” आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घालून बसली. मुलगीच होती. हेल्मेटखालून वेणीचं टोक बाहेर आलं होतं आणि वाऱ्यानं ते सारखं तिच्या तोंडावर येत होतं. पण मी तोंड नंतर बघितलं. माझी नजर आधी तिच्या छातीवरच्या गाठीवर गेली आणि तिथेच राहिली. मागून ओळखीच्या आवाजात हाक यावी, आपण वळावं, आणि वळल्यावर आठवावं की हा आवाज आता कुठेच नाही, तसं काहीतरी झालं. हातातली पेन्सिल मी हळूच टेबलावर ठेवली.

गाठ उलटी होती. आठाच्या आकड्यासारखी ही गाठ दोरावर काम करणारे सगळेच बांधतात, पण ती सगळ्यांची उजवीकडून वळते आणि हिची डावीकडून वळली होती. बाबा डावखुरे होते. शिकवताना ते कुणाला समोर बसवत नसत. समोर बसलं की माणूस तोंडाकडे बघतो, हाताकडे नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना शेजारी बसवायचे, एका ओळीत, पाय लांब करून. त्यामुळे ओळीतली उजव्या हाताची पोरंही त्यांचंच बघून डावीकडून गाठ वळवायला शिकली आणि शिकून बाहेर पडली. हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत बऱ्याच तुकड्या निघून गेल्या होत्या. मग शहरातले ठेकेदार आमच्या मुलांना ‘उलटे’ म्हणायला लागले. “दोन उलटे पाठवा, टॉवरचं काम आहे,” असे फोन यायचे. बाबांना त्याचा राग येत नसे. उलट ते खूश व्हायचे. म्हणायचे, “कॉलेजला गाऊन असतो, तसं हे आपलं.” आई म्हणायची, “स्वतः उलटे ते उलटे, गावची पोरंही उलटी करून ठेवलीत.”

बाबा शिकवायचे ते आमचं केंद्र टेकडीच्या उतारावर होतं. होतं म्हणजे आहे. अजून पत्रे काढलेले नाहीत. तीन शेड, एक लाकडी मनोरा आणि त्याच्या मागे रान. आसपासच्या गावांतून ज्यांची शाळा संपली होती, किंवा शाळेनं ज्यांना संपवलं होतं, अशी मुलंमुली वर्षभर तिथे राहायची. पायवाटा बांधायची, तारांवर झुकलेल्या फांद्या झाडावर चढून कापायची, जखमी माणसाला उतारावरून कसं आणायचं ते एकमेकांना पाठीवर घेऊन शिकायची. मग त्यातली काही मनोरे रंगवायला, काही वनखात्यात, काही शहरात उंच इमारतींवर कामाला लागायची. बाबांनी त्यांच्यासाठी एक ओळही लिहून ठेवली नाही. मी ज्या दिवशी सूचना लिहिण्याची ही नोकरी धरली त्या दिवशी ते मनापासून हसले होते. “तुझ्या पुस्तिका वाचतं तरी कोण? मशीन बंद पडल्यावर वाचतात. मी शिकवतो ते मशीन बंद पडलं, की वाचायला माणूसच राहत नाही.” असला विनोद ते जेवताना करायचे आणि आई ताट उचलून आत जायची.

त्या गाठीला आमच्याकडे आणखी एक गोष्ट होती, आणि ती दुसरीकडे कुठे नव्हती. गाठ ज्याची त्यानं बांधायची, पण शेपटाचा शेवटचा वेढा, जो घातल्यावर गाठ सरकत नाही, तो स्वतः घालायचा नाही. तो दुसऱ्यानं घालायचा. दुसऱ्यानं गाठ हातानं चाचपायची, वेढा घालायचा, ओढायचा आणि म्हणायचं, “बघितलं.” मग ज्याला उतरायचं त्यानं म्हणायचं, “सोडतोय,” आणि कडेवरून मागे झुकायचं. आणि ज्यानं वेढा घातला त्यानं खालचा माणूस जमिनीला टेकेपर्यंत जागा सोडायची नाही. जेवणाची घंटा होवो, कोणी भेटायला येवो. “कुठे आहे रे तो?” “दोरावर आहे.” एवढं म्हटलं की त्याला कोणी पुन्हा हाक मारत नसे. मी लहान असताना बाबांचा दुसरा हात मी होते. मनोऱ्यावर माझं डोकं त्यांच्या पट्ट्यापर्यंत यायचं. मी वेढा घालायचे, जोर लावून ओढायचे, आणि ते गंभीर चेहऱ्यानं माझ्या परवानगीची वाट बघत उभे राहायचे. इतक्या मोठ्या माणसाला माझ्या एका शब्दावर थांबून राहावं लागतं याचा मला अभिमान वाटायचा आणि भीतीही वाटायची. कधीकधी मी तो शब्द उगाच लांबवायचे.

काचेबाहेरच्या त्या मुलीच्या गाठीला शेवटचा वेढा नव्हता. शेपूट तसंच मोकळं सोडलेलं होतं आणि वाऱ्यानं हलत होतं. मी उठून काचेपाशी गेले. आमच्या काचा उघडत नाहीत. दिवसा त्या बाहेरून आरसा असतात, आतून मात्र सगळं स्वच्छ दिसतं. मी वाजवलं. तिला काही कळलं नाही. तिनं फेसाचा फडका माझ्या मुठीवरून फिरवला, मग रबरी पट्टीनं पाणी ओढलं आणि त्या कोरड्या चौकोनात स्वतःचा चेहरा बघून वेणीचं टोक हेल्मेटच्या आत खुपसलं. ते करताना तिचं नाक माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. तिच्या पापणीवर फेसाचा एक थेंब होता. मी बोटानं तिच्या छातीकडे दाखवत होते, आणि ती स्वतःच्या दातात काही अडकलंय का ते बघत होती. मग तिनं एक हात खाली नेला, दोर सैल केला, आणि बूट, बादली, वेणी असं सगळं जसं आलं होतं तसं खालच्या मजल्याकडे निघून गेलं. काचेवर फेसाची एक ओळ राहिली होती. तीही उतरत गेली.

“काय गं, ओळखीची आहे का?” आत्याबाईनं विचारलं.

“नाही.”

“मग तोंड असं का केलंस?”

मी फोन उचलला. त्यात सकाळपासून एक निरोप लिहून ठेवलेला होता: ‘काका, विचार केला. मला जमणार नाही.’ आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. केंद्राच्या मंडळाचे अध्यक्ष बाबांचे जुने मित्र. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. बाबा गेल्यापासून ते कुठलाच दबाव न आणता दबाव आणत होते. “तू ये म्हणत नाही गं मी. पण सांभाळणारं कोणी नसेल तर मंडळ टेकडी रिसॉर्टवाल्यांना देणार, हे तुला माहीत असू दे. त्यांचा माणूस आज येतोय. उगाच नंतर म्हणशील, काका बोलला नाही.” मी गेले नाही तर केंद्र बंद होणार, आणि गेले तर उरलेलं आयुष्य त्या तीन पत्र्यांखाली जाणार, यात तिसरं काही नव्हतं. आई म्हणाली होती, “तुझं तू ठरव. मी मधे पडणार नाही,” आणि मग रोज मधे पडत होती. तिला तिकडे परत जायचं नव्हतं आणि इथेही राहायचं नव्हतं. निरोप पाठवायला फक्त अंगठा टेकायचा होता. मी फोन खिशात टाकला आणि लिफ्टकडे निघाले.

गच्चीची किल्ली पहारेकऱ्याकडे असते आणि तो सगळ्यात वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतो. लिफ्टमध्ये मी एकटीच होते. शेवटचे काही महिने बाबांच्या जगात ही एवढीच हालचाल उरली होती: आमच्या बिल्डिंगची लिफ्ट, खाली गाडी, तपासणी, गाडी, लिफ्ट, पलंग. झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली, आणि मी त्यांना आणि आईला इथे शहरात माझ्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं, डावखुरे आहेत, कामाचा हात वाचला. कामाचा हात वाचला पण त्याला काम नव्हतं. माझ्या घरातल्या त्या खोलीला एक खिडकी आहे, तिला जाळी आहे, आणि जाळीतून समोरच्या घराची खिडकी दिसते, तिलाही जाळी आहे. बाबा तासन्‌तास त्या जाळीचे चौकोन बघत पडून राहायचे. सकाळी मी त्यांचे कपडे बदलायचे तेव्हा पायजम्याची नाडी ते मला बांधू देत नसत. त्या एका हातानं, बोटं आणि अंगठा यांची कसलीतरी कसरत करून, ते ती स्वतः बांधायचे, आठाची गाठ, डावीकडून. आणि शेवटचा वेढा ठेवून द्यायचे. हात बाजूला घ्यायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी वेढा घालायचे, ओढायचे आणि म्हणायचे, “बघितलं.” पुढचा शब्द त्यांना म्हणता येत नव्हता. ओठ थोडे हलायचे. आई दारातून म्हणायची, “पुरे झाले तुमचे खेळ, चहा गार होतोय.”

“गच्चीवर जाता येत नाही मॅडम,” पहारेकरी खुर्चीतून न उठता म्हणाला.

“माहीत आहे. काचवालीला भेटायचंय.”

“काचवालीला? काच नीट पुसली नाही का?”

“छान पुसली.”

“मग तक्रार काय?”

“तक्रार नाही. ओळखीची आहे.”

त्यानं माझ्याकडे, मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं, आणि दोन्ही एकाच बाईचं आहे याची खात्री करून घेतली. “कडेला जायचं नाही. फोटो काढायचे नाहीत. गेल्या वेळी वरच्या साहेबांनी सिगारेट ओढायला म्हणून किल्ली नेली आणि दार लागलं मागून. दार बाहेरून उघडत नाही. दुपारभर उन्हात भाजून निघाले, पण बोंब मारायला लाज वाटत होती त्यांना.” तो स्वतःशीच हसला. “वीट ठेवलीय दारात, ती हलवू नका. जेवून आलो की बघतो.”

गच्चीवर ऊन होतं आणि वारा होता. मोठाले पंखे घरघरत होते, आणि त्यांच्या पलीकडे लोखंडी खांबाला दोन दोर बांधलेले, एक उतरायचा आणि एक सोबतीचा, पडलं तर धरणारा, दोन्ही कडेवरून खाली गेलेले. कडेवर दोरांखाली जुन्या गालिच्याचा तुकडा घालून ठेवलेला होता, दोर घासू नये म्हणून. खांबाच्या गाठी मी बघितल्या. त्या सरळ होत्या, उजवीकडून वळलेल्या, दुसऱ्या कुणीतरी बांधलेल्या, आणि पूर्ण होत्या. दोन्ही दोर ताणलेले होते. त्यांच्यात बारीक थरथर होती. मी दोराला हात लावला नाही. दुसऱ्याच्या दोराला न विचारता हात लावायचा नसतो. नुसती उभी राहिले. खाली ते मोकळं शेपूट वाऱ्यात हलत असेल, प्रत्येक हलण्याबरोबर गाठीतून केसभर मागे सरत असेल, असं मला दिसत होतं. खरं तर आठाची गाठ इतक्या सहज सुटत नाही. वेढा नसला तरी ती शंभरदा धरते. पण बाबा म्हणायचे, शंभर वेळांसाठी कोणी गाठ बांधत नाही.

उभ्या उभ्या मला दवाखान्यातली ती काच आठवत होती. आठवत होती म्हणजे ती सकाळपासूनच होती; आता फक्त मधली माणसं बाजूला झाली. दुसऱ्या झटक्यानंतर त्यांना आत ठेवलं होतं आणि मला काचेच्या दाराबाहेर. आतून बाहेरचं दिसत नव्हतं, पडदा अर्धा ओढलेला होता. त्यांना दवाखान्याचा झगा घातला होता. त्याला बाजूनं बांधायचे बंद असतात. त्यांचा डावा हात चादरीवर काहीतरी शोधत होता, आणि त्याला तो बंद सापडला. मी बाहेरून बघत होते. ते बोटांनी गाठ बांधत होते. खूप वेळ लागला. झाली तेव्हा त्यांनी हात बाजूला घेतला आणि मान थोडी वळवली, पलंगाच्या त्या बाजूला, जिथे मी रोज उभी असायचे. तिथे सलाईनचा स्टँड होता. नर्स आली, तिला झगा बदलायचा होता, तिनं गाठ सोडवून पाहिली, सुटेना, तेव्हा तिनं खिशातून कात्री काढली आणि बंद कापला. त्यात तिचं काही चुकलं नाही. पाठीवर थोपटून ती त्यांच्याशी चांगलं बोलत होती, ते मला तिच्या ओठांवरून कळत होतं. त्या रात्री ते गेले. लोक भेटायला आले, सुटले म्हणाले, आणि मी मान हलवत राहिले. मला सारखं वाटत होतं की ते सुटले नाहीत, ते अजून तसेच थांबलेत, हात बाजूला घेऊन.

मागचं दार वाजलं. ती मुलगी बादली हलवत, शीळ घालत आली आणि मला बघून थबकली.

“मॅडम, इथं उभं राहू नका हं. मुकादम मला बोलेल.”

“तुझा जोडीदार कुठे आहे?”

“दुसऱ्या बिल्डिंगला पाठवला. सकाळी वरच्या गाठी बांधून गेला.” तिनं बादली ठेवली आणि पट्टे सैल केले. “का हो? काच राहिली का कुठली?”

“गाठीचा शेवटचा वेढा राहिलाय.”

तिनं खाली छातीकडे बघितलं, दचकली नाही. मोकळं शेपूट तिनं दोन बोटांत धरलं. मला वाटलं, आता ओशाळेल आणि पटकन वेढा घालेल. ती म्हणाली, “राहिला नाही. ठेवलाय. तो माझा नसतो.”

“मग कुणाचा?”

“दुसऱ्याचा. आता दुसरा कोणी नाही तर काय करणार?” हे ती अगदी साधेपणानं म्हणाली, दुकान बंद आहे म्हणावं तसं.

“तूच घालायचास.”

“नाही घालत. एकदा आपण घातला ना, मग सवय लागते. मग दुसरा असला तरी कोण थांबतंय. सर म्हणायचे, स्वतःचा वेढा स्वतः घालणारा सगळ्यात आधी पडतो.” ती हसली. “मोकळा दिसला की माझं लक्ष राहतं. सारखी चाचपते. देवाशप्पथ, सोबत असताना इतकी नाही चाचपत.”

बोलण्यासारखं तोंडाशी बरंच आलं होतं. बाबांनी हा नियम केला तेव्हा माणूस कधी एकटा उतरेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. टेकडीवर एकटं कोणी नसायचंच. तिथे ज्यानं पोरं वाचत होती तेच इथे एका मुलीला इतक्या उंचीवर अर्ध्या गाठीवर लटकवून ठेवत होतं, आणि ती ते इमानानं पाळत होती. आणखी कितीजणी, कुठल्या कुठल्या गच्च्यांवर, असं शेपूट मोकळं ठेवून उतरत असतील? आणि हे दुरुस्त करणारा एकच माणूस होता. त्याच्या शेजारी बसून, हाताकडे बघत, कोणीतरी त्याला म्हणायला हवं होतं, “सर, दुसरा नसला तर?”

ती पुढच्या उताराची तयारी करत होती. दोर हातभर सरकवले, गालिचा सरकवला, छातीची गाठ सोडून पुन्हा बांधली, डावीकडून, भराभर. आणि शेपूट सोडून दिलं.

“थांब,” मी म्हणाले. “मी घालते.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, ऑफिसच्या चपला, ओळखपत्र, चष्मा. “तुम्ही?”

मी जवळ गेले. तिच्या अंगाला साबणाच्या पाण्याचा आणि घामाचा वास होता. गाठ चाचपली. दोर नवा होता, कडक. माझी बोटं थोडी अडखळली आणि मग अडखळायची थांबली. शेपूट डावीकडून आणलं, वेढा घातला, दोन्ही हातांनी ओढला. ती माझ्या हातांकडे बघत होती, तोंडाकडे नाही.

“अय्या! उलट्या तुम्ही!” ती ओरडलीच. “कुठल्या तुकडीच्या?”

“खूप आधीच्या.”

“आणि मग ऑफिसात कशा काय? पडलाबिडलात की काय?” आणि लगेच जीभ चावली. “सॉरी हं ताई.”

“नाही पडले. नुसतीच आले.”

“बरं केलंत. पगार चांगला असेल.” मॅडमची मी ताई झाले होते. ती कडेला जाऊन पाठमोरी उभी राहिली, टाचा हवेत. “सर कसे आहेत हो? गेल्यात का इतक्यात तिकडे? अजून सगळ्यांच्या गाठी स्वतः चाचपतात का?”

कडेवर उभ्या असलेल्या माणसाला काही सांगायचं नसतं. चांगलं नाही, वाईट नाही. हाही त्यांचाच नियम.

“आता नाही चाचपत,” मी म्हणाले.

“दमले असतील. वय झालं ना. माझी धाकटी जाणार आहे पुढच्या वर्षी. घरचे नको म्हणत होते, मी म्हटलं, मी गेले तर ती का नाही? हट्टी आहे ती, माझ्यासारखी नाही. सर तिला सरळ करतील. म्हणजे उलटी करतील!” आणि स्वतःच्याच विनोदावर ती हसत सुटली. मग हसू थांबवून, मान सरळ करून, ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मला कळायला क्षणभर वेळ लागला की ती कशासाठी थांबली आहे. कित्येक वर्षांत कुणी माझ्यासमोर असं उभं राहिलं नव्हतं, त्या खोलीतल्या सकाळी सोडल्या तर.

“बघितलं,” मी म्हणाले.

“सोडतेय,” ती म्हणाली आणि मागे झुकली. आधी वेणी गेली, मग चेहरा, शेवटी बूट.

दोर ताणले गेले. मी कडेपासून पावलाभरावर, सोबतीच्या दोरावर तळहात टेकवून उभी राहिले. आज हे कुणी मला सांगितलं नव्हतं, पण वेढा माझा होता. तळहाताखाली दोर जिवंत होता. ती थांबली की थांबायचा, खाली सरकली की गुरगुरायचा. वाऱ्याचा एक झोत आला, मागे वीट घसरल्याचा आवाज झाला आणि दार धाडकन लागलं. मी मान वळवून बघितलं. दार बाहेरून उघडत नाही, पहारेकरी जेवायला गेलेला. खाली माझ्या टेबलावर मशीनचं दार अजून बंद व्हायचं होतं, साहेबांची मीटिंग सुरू झाली असेल, आत्याबाईनं माझ्या नाहीसं होण्यात कुठलंतरी लग्न बघितलं असेल. आणि मी उघड्यावर, चारी बाजूंनी आभाळ, आणि कुठेही जाऊ शकत नव्हते. त्या खोलीतून बाबा जेवढे हलू शकत, तेवढीही नाही. पंखे घरघरत होते. उन्हानं डोकं तापत होतं.

खिशात फोन वाजला. एक हात दोरावर ठेवून दुसऱ्यानं मी तो काढला. काका.

“हं, काय ठरवलंस बाई? तो माणूस येऊन बसलाय इथे. चहाही झाला त्याचा.”

“काका, मी दोरावर आहे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार ओढल्याचा आला. ते उठून बाहेर आले असावेत. एके काळी तेही बाबांच्या शेजारी त्या ओळीत बसलेले होते.

“कोण उतरतंय?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“आपल्यातली एक. एकटीच उतरत होती. वेढा न घालता. दुसरं कोणी नाही म्हणून.”

“अरे देवा,” काका म्हणाले. “आणि मी त्याला काय सांगू?”

“हिची धाकटी बहीण येणार आहे पुढच्या वर्षी. तिला शिकवायला लागेल, दुसरा नसेल तेव्हा काय करायचं ते. त्याला सांगा, टेकडी रिकामी नाही.”

“तू येतेस म्हणून सांगू?”

दोर गुरगुरला, थांबला. मी बोलायचं थांबले, ते ऐकून घेतलं, तो पुन्हा सुरू झाला. “सांगा,” मी म्हणाले.

“नंतर म्हणशील, काकानं अडकवलं.”

“म्हणेन.”

“उतरली की फोन कर,” ते म्हणाले आणि त्यांनी ठेवून दिला. आनंद झाल्यासारखं त्यांच्या आवाजात काही नव्हतं, माझ्याही छातीत नव्हतं. सुटल्यासारखं तर मुळीच वाटलं नाही. पट्टा ओढून बसवला की श्वास पुरता घेता येत नाही, तसं वाटत होतं. पहिल्या वेळी मुलं घाबरतात आणि बाबा त्यांना सांगत, एवढा आवळलेला असेल तरच तो तुझा. ती तीन शेड, पावसात पत्र्यांचा आवाज, ओल, लिहून न ठेवलेल्या त्या सगळ्या गोष्टी ज्या आता मला हातांनी आठवाव्या लागतील. ‘मला जमणार नाही’ अजून फोनमध्ये तसंच पडून होतं. एका हातानं मी ते पुसलं, एकेक अक्षर, कारण पटकन कसं पुसायचं ते एका हाताला जमेना.

मग तळहाताखाली दोन झटके आले. हलके, मध्ये श्वासाएवढं थांबून, ही आमची खूण. पोचले. दोर सैल झाला, मेल्यासारखा पडला, आणि माझा हात त्याच्यावरून उठेना. मी तो उचलला.

आता ती लिफ्टनं वर येईल. दार तिच्या बाजूनं उघडेल. पुढच्या उताराची तयारी करायला ती सरळ कडेकडे जाईल, आणि मला तिला सरांचं सांगायचं आहे. मी गालिच्यापासून, खांबापासून, दोरांपासून मागे सरले. पंख्यांच्या अलीकडे, गच्चीच्या बरोब्बर मधोमध, जिथून कुठलीच कड जवळ नाही अशा जागी येऊन उभी राहिले. दाराआड शीळ ऐकू यायला लागली. ती दिसताच मी तिला हाक मारणार होते, इकडे ये म्हणून, आणि तिच्याबरोबर खाली बसणार होते, शेजारी, पाय लांब करून.